दुपारच्या पाराला पडलेलं नाम

आमच्या गावच्या भजनी सप्ताहात एका दुपारी नाम खाली पडलं, आणि ते माझ्या वडिलांच्या हातून पडलं, असं हळर्णात अजून बोललं जातं. बोलणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पण ते पडलं कशामुळे हे मला त्यानंतर आठवड्याभरात कळलं होतं, आणि मी ते कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही. खुद्द वडिलांना, आबांनाही नाही.

नाम खाली पडणं म्हणजे काय ते आधी सांगतो. सप्ताहाचे सगळे दिवस देवळात भजन अखंड चालतं. प्रत्येक वाड्याला आपला पार असतो, म्हणजे गाण्याची पाळी. एका वाड्याचा पार संपत आला की ते लोक नाम म्हणत राहतात आणि पुढच्या वाड्याचे लोक समईभोवती त्यांच्या शेजारी येऊन बसतात. नव्या पारातला मुख्य गाणारा हात वर करतो. पुढच्या समेला, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेला, जुने थांबतात आणि तो त्याच स्वरात, त्याच ठेक्यात नाम आपल्या तोंडात घेतो. दोघांनी एकदम म्हणायचं नाही आणि मध्ये रिकामंही सोडायचं नाही. घेणारा जराही मागे राहिला तर तेवढा वेळ देवळात पखवाज वाजत असतो आणि माणसाचा आवाज नसतो. तेच नाम खाली पडणं. मग वर्षभर गावात कोणाची गाय मेली, कोणाचं लग्न मोडलं, की त्या रिकाम्या जागेची आठवण निघते.

दुपारचा पार आमच्या वाड्याचा. आबा मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं. नाम घ्यायला तेच बसायचे. मी शाळेत होतो तेव्हाही तेच, माझे केस पिकायला लागले तेव्हाही तेच. त्यांच्या उजव्या हाताला पखवाजी काका. हे आबांचे शाळासोबती, शेती करणारे. दोघांनी आयुष्यभर एकमेकांकडे न बघता समेवर यायचं शिकून घेतलं होतं.

मग आबांचे कान गेले. सगळेच नाही, बारीक आवाज गेले आणि जाड राहिले. पखवाज ऐकू यायचा, पेटी आणि झांज यायची नाही. पणजीहून आणलेलं कानातलं यंत्र बोलणं ऐकायला बरं होतं, पण पेटीचा लांब सूर त्याला शिट्टी वाटायचा आणि ते तो दाबून टाकायचं. आबा पेटीवर बोट ठेवून बसायचे आणि म्हणायचे, "हो सूर खंय गेलो रे? बोट आसा, सूर नाय."

मी साखळीला राहतो आणि जवळच्या एका कारखान्यात काम करतो. भट्ट्यांचं तापमान सांभाळणारी यंत्रं तिथे बनतात, त्यांच्या चिपमधले प्रोग्राम मी लिहितो. बहुतेक वेळ दुसऱ्यांनी लिहिलेले तपासतो. तपासणारा म्हणून माझं नाव आहे. आबांची अडचण पाहून मी म्हटलं, मीच करतो एक डबा. साबणाच्या वडीएवढा, कमरेला अडकवायचा, माइक पेटीपाशी, कानात इअरफोन. आवाज तुकड्यातुकड्यानं घ्यायचा, त्यातला बारीक भाग मोठा करायचा आणि कानात सोडायचा. बायको म्हणाली, "दुकानात मिळत नाही का असं काही?" मी म्हटलं, दुकानातल्या वस्तू भजनासाठी केलेल्या नसतात. हे खरं होतं. पण मला गावात तो डबा आबांच्या कमरेला दिसायला हवा होता, हेही खरं होतं.

यातला माझा गुन्हा समजायला थोडं चिपविषयी सांगावं लागेल. अशा कामात दशांश अपूर्णांकांची आकडेमोड फार असते. साध्या चिपला दशांश येत नाहीत. ती पूर्णांकांवरून लांबचा वळसा घालून तेच उत्तर काढते. मी घेतलेल्या चिपमध्ये दशांशासाठी वेगळा भागच होता आणि तो हे काम झटक्यात करतो. मात्र तो भाग आपोआप कामाला लागत नाही. आपण लिहिलेल्या प्रोग्रामवरून चिपच्या भाषेतल्या सूचना बनवतो तो कंपायलर. त्याला सांगावं लागतं की दशांशाच्या खास सूचना वापर. नाही सांगितलं तर तो मुकाट्यानं लांबचा वळसा घालतो. कुठे तक्रार येत नाही. उत्तर अगदी बरोबर येतं. फक्त उशिरा येतं.

म्हणून कंपायलरनं काय बनवलंय ते उघडून बघायचं असतं. बनलेल्या सूचना ओळीनं वाचता येतात. खास सूचना नावावरून ओळखू येतात, वळसाही ओळखू येतो. मी बघितलं. मी लिहिलेल्या मुख्य फाइलीतल्या सूचना उघडल्या, वरच्या पानावरच खास सूचना दिसल्या, समाधान झालं, बंद केलं. पण बारीक आवाज मोठा करणारा फिल्टर, म्हणजे सगळी जड आकडेमोड, मी लिहिलेला नव्हता. तो मी कारखान्यातून, कोणाला न विचारता, तयार बनलेलाच उचलून आणला होता. भट्टीच्या तापमानाच्या लहरी गाळायला तो कधीतरी जुन्या, दशांश न येणाऱ्या चिपसाठी बनवलेला होता; आकडे बदलले की आवाजालाही तोच चालतो. माझ्या फाइलींशी तो बिनतक्रार जोडला गेला. त्याच्या आत मी पाहिलंच नाही.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा डबा खरखरला. एक तुकडा संपायच्या आत दुसरा दारात येत होता. एवढी चांगली चिप आणि हिला दम का लागतो, हा प्रश्न कोणाही नवशिक्याला पडला असता. मी आवाजाचे तुकडे मोठे केले. मोठे तुकडे हाताळायला एकंदरीत कमी काम करावं लागतं. खरखर गेली. मोठा तुकडा भरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे आवाज मागे पडतो, हे मला माहीत होतं. एवढंसं कोणाला कळतं, म्हटलं.

आबांना पहिल्याच रविवारी कळलं. जनेलापाशी, खिडकीजवळ, त्यांची पेटी, समोर पखवाजी काका, चहा आणि पाववाल्या पोदेरानं टाकलेले उंडे पाव मधे. आबांनी डोळे मिटून नाम घेतलं आणि अर्ध्यावर थांबले.

"पेटी मागीर येता रे."

"मागीर म्हणजे?"

"पखवाज आधी ऐकू येता. मगे पेटी येता, मगे माझोच आवाज येता. एक पुढे चलता नि दोन मागे."

याहून नेमकं सांगता आलं नसतं. पखवाजाचा जाड आवाज त्यांच्या कानात सरळ जात होता आणि बारीक सगळं माझ्या डब्यातून फिरून येत होतं. पण मला ते वडिलांचं बोलणं वाटलं, डब्याचं वाटलं नाही.

"आबा, इतकी वर्षं नीट ऐकलं नाहीत ना, म्हणून तसं वाटतं. कानाला सवय व्हायला हवी."

पखवाजी काका उंडा चहात बुडवता बुडवता थांबले. "बाबू, तुजां यंत्र तू बघलंस मा?"

"बघलंय, काका. आत उघडून बघलंय."

"मगे मास्तर असां कित्याक म्हणतत?"

मला तिथे 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "तुमचा हात जरा पुढे धावतो असं मला वाटतं."

"माझो?" ते हसले. "मी काय पेडण्याची बस पकडूक जातंय?" मग त्यांनी हसणं आवरलं आणि आपल्या हातांकडे पाहिलं. "धावत असतलो, मास्तर. वय झालां. जरा आवरून वाजवतंय."

आबांनी पेटीचा भाता मिटला. मी कारखान्यात लोकांच्या चुका काढतो हे त्यांनी गावाला अभिमानानं सांगितलेलं होतं. माझ्या 'बघलंय'वर त्यांनी स्वतःच्या कानापेक्षा जास्त विश्वास ठेवला.

सप्ताह आला. दुपारच्या वेळी बाहेर ऊन, देवळात समईची धग, बायका खांबांना टेकलेल्या. आधीचा वाडा नाम म्हणत होता आणि आमचे लोक येऊन बसले. आबा नेहमीच्या जागी, कमरेला डबा, कानात इअरफोन. मी मागे उभा होतो. दोनतीन जणांनी डब्याविषयी विचारलं, मी सांगितलं. सांगताना मजा येत होती.

आबांनी हात वर केला. सम आली, जुने थांबले. आबांच्या कानात मात्र ते अजून म्हणत होते. आबा त्यांचं म्हणणं संपायची वाट पाहत होते, तोंड उघडलेलं, हात वर. देवळात नुसता पखवाज वाजला. मग त्यांनी नाम घेतलं, अगदी सुरेख, स्वरात, आणि चुकीच्या जागी. लोकांच्या माना वळल्या. काकांनी ठेका ओढून त्यांना सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला, त्यानं आणखी विस्कटलं. शेवटी मागच्या एका तरुण गाणाऱ्यानं मोठ्यानं नाम उचललं, आणि आबांनी हात खाली घेतला. इअरफोन काढून खिशात ठेवला. पार संपेपर्यंत ते ओठ हलवत होते, आवाज काढत नव्हते.

बाहेर चप्पल घालताना कोणीतरी म्हणालंच, "काय मास्तर, बॅटरी संपली काय?" आणि दुसऱ्यानं, "बॅटरी यंत्राची की मास्तरांची?" आबाही हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मी बसल्या जागी मान खाली घालतो.

संध्याकाळी आबांनी देवस्थानच्या लोकांना जाऊन सांगितलं की पुढच्या वर्षापासून नाम घ्यायला दुसरा कोण तरी बसवा.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात आमच्या भट्टीच्या यंत्राची चिप बदलायची होती. नव्या चिपला दशांश येत होते. साहेब म्हणाले, कंपायलर खरोखर खास सूचना बनवतोय का ते बघून सांग. मी तिथे रीतसर बघितलं, म्हणजे एकेक फाइल नव्हे, सगळं जोडून झालेला शेवटचा प्रोग्राम. वरची पानं ठीक होती. खाली जात जात फिल्टरपाशी आलो. तिथे खास सूचना एकही नव्हती. प्रत्येक गुणाकाराला, प्रत्येक बेरजेला लांबचा वळसा, ओळीमागून ओळ. तोच फिल्टर होता तो. त्याचं नाव वाचलं आणि मला आबांचा वर धरलेला हात दिसला.

मी ते साहेबांना दाखवलं. फिल्टर नव्यानं बनवला, काम कित्येक पटीनं जलद झालं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "असं बघायला पाहिजे. शेवटपर्यंत." टाळ्या वाजल्या, कोणीतरी समोसे मागवले. मी ते खाल्ले.

रविवारी डबा दुरुस्त करून हळर्णला नेला. आबांना तो नको होता. मी आग्रह केला. त्यांनी कानात घातला, पेटीवर बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आज बरोबर येता मरे! काय केलंस तू?"

त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंडात वाक्य तयार होतं. मी म्हटलं, "काही नाही, बॅटरी बदलली. आणि आता सवय झाली असणार तुम्हाला."

आबा थोडा वेळ पेटी वाजवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझोच दोष. बरां झालां, जागा सोडली ती."

मी 'तसं नाही' एवढंसुद्धा म्हटलं नाही.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. कारखान्यातून न विचारता आणलेली वस्तू, ही एक भीती होती. पण ती खरी नव्हे. खरं असं की वडील म्हातारे झाले हे लोकांना पटतं, मला चूक सापडली नाही हे पटवून घेणं मला जमत नव्हतं. आणि एकदा गप्प बसल्यावर दर वर्षी सांगणं कठीण होत गेलं, कारण मूळ चुकीपेक्षा गप्प बसल्याची वर्षं जास्त झाली.

आबा त्यानंतर मागच्या ओळीत, खांबाला टेकून बसायचे. डबा नीट चालत होता. दुसऱ्यांनी घेतलेलं नाम त्यांना अगदी वेळेवर ऐकू यायचं.

यंदा नाम घेणारा माणूस नोकरीसाठी बाहेर गेला. पखवाजी काका आमच्या सोप्यावर येऊन बसले. मीही होतो.

"मास्तर, यंदा तुमी बसा."

"नाय."

"अहो, कोण नाय दुसरो."

"एकदा माझ्याकडून पडलां. आतां माझो माझ्यारच विश्वास नाय. कान सांगता तां खरां की खोटां, माका कळना."

काका निघून गेले. आबा कदेलावर, आपल्या खुर्चीत, तसेच बसून राहिले. कान सांगता तां खरां की खोटां. हे मी केलं होतं. एका गाणाऱ्या माणसाला स्वतःच्या कानाविषयी खोटं सांगितलं होतं, आणि त्यानं ते इतकी वर्षं खरं धरून चालवलं होतं.

मी लॅपटॉप आणला. त्यात तो जुना प्रोग्राम होता, मी तो कधी पुसला नव्हता. आबांना ओळी दाखवल्या, हे असं व्हायला हवं होतं, हे असं झालं होतं. ते शाळेत गणित शिकवायचे, दशांश काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मधे प्रश्न विचारले.

"म्हणजे उत्तर बरोबर, पण रीत लांबची."

"हो."

"म्हणून पेटी मागीर येय."

"हो, आबा. तुम्ही सांगितलं होतं तसंच."

"तुका कधी कळलां?"

मी सांगितलं. कारखान्याचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं, समोशांचंसुद्धा. बॅटरी बदलली म्हटलं ते खोटं होतं, हे सांगितलं. आबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं तो बराच वेळ पुसला.

"कान बरे होते तर माझे," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. मग माझ्याकडे न बघता, "माका सांगून काय उपेग? नाम पडलेलां गावान बघलां. गावाक सांग."

"देवळात?"

"मगे खंय? पार वाटूक बसतत तेव्हा सांग."

त्यांनी क्षमा केली असं मी म्हणणार नाही. त्यांनी तो शब्द काढला नाही आणि मीही मागितला नाही. त्या दिवशी जेवताना ते आईशी बोलले, माझ्याशी नाही.

पार वाटायच्या दिवशी मी देवळात उभा राहून सांगितलं. चिप, कंपायलर हे शब्द मी टाळले, तरी चारदा अडखळलो. म्हटलं, त्या वर्षी मास्तर चुकले नव्हते, डब्यातून आवाज उशिरा येत होता, मास्तरांनी मला तसं सांगितलं होतं, मी नीट न बघताच बघितलं म्हणून सांगितलं, आणि नंतर खरं कळल्यावर लपवलं.

"म्हणजे यंत्र चुकलां?" एकानं विचारलं.

"यंत्र नाही. मी."

मग भिंतीपाशी बसलेले पखवाजी काका म्हणाले, "आनी माझो हात?"

मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो, हेच वाईट.

"तू सांगलंस हात धावता म्हणून. तवापसून मी हात आवरून वाजवतंय रे. सगळे माका म्हणतत, काका थंड झाले. मी म्हणतंय, मास्तरांच्या पुतान आत उघडून बघलां, त्येका कळता." ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडून नक्की करून घेत होते. "म्हणजे धावत नव्हतो?"

"नाही, काका. कधीच नाही."

त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे पाहिलं, त्या रविवारी पाहिलं होतं तसं. आबा मागच्या ओळीतून उठले, त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "तर वाजय आतां पयल्यासारखो. मी बसतंय."

सप्ताहात दुपारच्या पाराला आबांनी हात वर केला तेव्हा मी खांबापाशी, त्यांच्या मागच्या ओळीतल्या जागेवर बसलो होतो. सम आली, जुने थांबले, आबांनी घेतलं. आवाज आता पूर्वीचा नाही, वरच्या स्वराला फाटला, पण मध्ये रिकामं पडलं नाही. काकांचा पखवाज जोरात होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी प्रत्येक समेला श्वास धरून बसलो होतो, आणि इतकी वर्षं आबा इथे बसून काय ऐकत असतील ते मोजत होतो.

आता गावात नवी गंमत निघालीय. देवळात माइक लावला, पंप चालू केला, कोणाच्या घरचा मिक्सर दुरुस्त होऊन आला, की कोणीतरी माझ्याकडे बघून विचारतं, "बघलंस मा आत उघडून?" सगळे हसतात. पखवाजी काकाही हसतात. आबा हसत नाहीत, ते माझ्या उत्तराची वाट बघतात. मी उठतो आणि पुन्हा बघतो.